जासईचा चकवा

जासईच्या यार्डात गेटपास छापणारा प्रिंटर सकाळी गप्प झाला आणि शीतसागर फ्रोझन फूड्सचे मालक जयप्रकाश सरपोतदार यांनी कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसती उद्गारचिन्हं पाठवली. शब्द एकही नाही. शब्द लिहिले की जबाबदारी येते, असं त्यांचं मत होतं.

ती उद्गारचिन्हं कोणासाठी आहेत हे क्षिप्रा देवस्थळीला बरोबर कळलं. नवी मुंबईत, पावणे गावच्या एमआयडीसीतल्या शीतसागरच्या कारखान्याचं नेटवर्क ती एकटी सांभाळायची. कोळंबी गोठवणाऱ्या कंपनीत सून नेमकं काय करते हे तिच्या सासूबाईंना कधीच उमगलं नव्हतं. सीवूड्सच्या सोसायटीत त्या "सून मासळीत आहे" एवढंच सांगायच्या, तेही आवाज खाली आणून.

गेल्या वर्षी शीतसागरने जासईचं कंटेनर यार्ड विकत घेतलं. यार्ड देवजी घरतांचं. शेती गेल्यावर उरलेल्या जागेवर त्यांनी ते उभं केलं होतं, आणि तिथलं नेटवर्क बांधलं होतं त्यांच्या पुतण्याने, धनेशने. आता कंपनी एक झाली होती आणि नेटवर्कची माणसं दोन. एका कंपनीला अशी दोन माणसं लागत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे फोनवर दोघं एकमेकांशी फार गोड बोलायचे.

"धनेश, तुमच्याकडे काही बदललंय का?"

"काहीच नाही मॅडम. तुमच्याकडे?"

"छे. काहीच नाही."

दोघंही खोटं बोलत होते.

भानगड अशी होती. आजपासून जासईचे गेटपास पावण्याच्या नव्या सर्व्हरवरून निघायचे होते. त्यासाठी दोन्हीकडची नेटवर्कं जोडायला हवी होती. राउटर हे चौकात उभ्या असलेल्या, पत्ता सांगणाऱ्या माणसासारखे असतात. कुठला माल, म्हणजे कुठली माहिती, कुठल्या वाटेने जाईल हे ते एकमेकांना सारखं कळवत असतात. फक्त पावण्याचे राउटर ईआयजीआरपी नावाच्या पद्धतीने बोलायचे आणि जासईचे ओएसपीएफ नावाच्या. एकाच्या बातम्या दुसऱ्याला कळाव्यात म्हणून मध्ये एक दुभाष्या राउटर बसवावा लागतो. या दुभाषेगिरीला रिडिस्ट्रिब्यूशन म्हणतात. आणि क्षिप्राने फायबरच्या लाइनवर असा दुभाष्या कालच बसवला होता. "धनेशला बोलू नकोस," असं सरपोतदारांनी तिला केबिनचं दार लावून सांगितलं होतं. "मला बघायचंय तू एकटी करू शकतेस का."

काल तिने तपासलं तेव्हा सगळं चाललं होतं. आज चालत नव्हतं, आणि तेही विचित्र पद्धतीने. जासईहून क्षिप्राच्या लॅपटॉपपर्यंत सगळं नीट पोचत होतं. तिच्या टेबलाशेजारच्या सर्व्हरपर्यंत मात्र काही म्हणजे काही येत नव्हतं.

"म्हणजे सर्व्हर गंडलाय," धनेश फोनवर म्हणाला.

"सर्व्हर माझ्यासमोर बसून घरघरतोय. तुमची लाइन गंडलीय."

"लाइन गंडली असती तर तुमच्या लॅपटॉपपर्यंत कसं आलं असतं? लॅपटॉप काय चालत येतो का?"

क्षिप्राने फोन ठेवला आणि टॅक्सी केली.

जासईला पोचेपर्यंत ट्रकांची रांग गेटवरून वळून मुख्य रस्त्याला लागली होती. कंटेनरमध्ये कोळंबी उणे अठरावर निवांत होती. बाहेर ड्रायव्हर भर उन्हात तापले होते. हॉर्नचा असा गजर चालला होता की वरातीला बँड लावायची गरज पडू नये. गेटशेजारी धनेशच्या काकीची, सगुणाबाईंची खानावळ होती. क्षिप्रा टॅक्सीतून उतरली तशा त्या कमरेवर हात ठेवून पुढे आल्या.

"बाय, तू पावन्याची काय? यो तुमचा डबा कवा चालू व्हनार हाय? डायवरांनी चा पिऊन पिऊन माजं दूध संपवलं."

"बघते, काकी. लगेच बघते."

"तो धनेश पन सकालपासून हेच सांगतंय."

धनेश केबिनमध्ये बसला होता. प्रत्यक्षात तो फोनवर वाटायचा त्यापेक्षा लहान आणि जाड निघाला. क्षिप्राला तो मनात उंच, उर्मट आणि गॉगलवाला वाटत आला होता, त्यामुळे तिची जरा निराशा झाली. त्याने खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि वर म्हणाला, "सर्व्हर सोबत आणलाय का?"

तिने गेटवरचा कॉम्प्युटर ओढला आणि सर्व्हरपर्यंतचा माग काढणारी कमांड टाइप केली. माल वाटेत कुठल्या कुठल्या राउटरवरून गेला, हे ती कमांड एकेक ओळीत सांगते. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीत एक पत्ता, चौथ्या ओळीत दुसरा, पाचव्यात पुन्हा पहिला, सहाव्यात पुन्हा दुसरा. मग तेच, तेच, तेच. दोन राउटर एकमेकांकडे चेंडू फेकावा तसा माल फेकत होते आणि शेवटी तो वाटेतच मरत होता.

"चकवा लागलाय," धनेश नकळत बोलला.

"हा पहिला पत्ता माझा आहे," क्षिप्रा म्हणाली. "पावण्याचा. दुसरा कोणाचा?"

धनेशने पंख्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसते ट्रक होते.

"धनेश."

"जुनी रेडिओची लाइन आहे ना, बॅकअपची," तो म्हणाला. "ती सकाळी चालू केली. तिच्यावर रिडिस्ट्रिब्यूशन टाकलं. सरांनी सांगितलं होतं."

"कुठल्या सरांनी?"

"आपल्याकडे किती सर आहेत? ते म्हणाले, क्षिप्राला बोलू नको, मला बघायचंय तू एकटा करतोस का."

 मग क्षिप्राच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली आणि तिचा आवाज चढला. "माझ्या राउटरशी बोलायला पासवर्ड लागतो. तो तुला कोणी दिला?"

"त्यांनीच."

मागच्या महिन्यात सरपोतदारांनी तो तिच्याकडून मागून घेतला होता. ऑडिटसाठी. क्षिप्राने एक अस्सल मराठी शब्द उच्चारला, जो देवस्थळींच्या घरात गेल्या चार पिढ्यांत कोणी उच्चारला नसावा. धनेश आदराने तिच्याकडे बघायला लागला.

मग मात्र काय झालं ते समजायला दोघांना वेळ लागला नाही. एकाच्या जागी दोन दुभाषे बसले होते. क्षिप्राच्या राउटरने जासईला सांगितलं, सर्व्हरकडे जायचं तर माझ्याकडून जा. ही बातमी जासईभर फिरून धनेशच्या राउटरकडे पोचली. खरं तर पावण्याहून सर्व्हरची बातमी त्याच्याकडे थेटही येत होती. पण सर्व्हरची वाट पावण्यात हाताने लिहून मागाहून आत घेतलेली होती, आणि तसल्या उसन्या बातमीपेक्षा त्याने जासईचीच बातमी खरी मानली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्याने तीच बातमी उलट पावण्याला सांगितली, वर फुशारकीने: सर्व्हरकडे जायचं तर माझ्याकडून जा, माझी वाट एकदम फास्ट. क्षिप्राच्या राउटरने ते ऐकलं आणि विश्वास ठेवला. स्वतःच सोडलेली अफवा दुसऱ्याच्या तोंडून आली म्हणून त्याला खरी वाटली. लॅपटॉपची वाट पावण्याची घरचीच होती, उसनी नव्हती, म्हणून तेवढी वाचली.

"फास्ट म्हणून आकडा तू टाकलास," क्षिप्रा म्हणाली.

"मग काय स्लो टाकू? इज्जतीचा प्रश्न होता. पण तुम्ही तुमच्या बातम्यांवर टॅग का नाही लावलात? शिक्का असता तर माझ्याकडून परत आली नसती."

"मला काय माहीत मागच्या दाराने कोणी घुसलंय!"

"मला तरी कुठे माहीत होतं पुढच्या दारात कोण आहे!"

बाहेर हॉर्न वाढले. दोघांनी एकमेकांकडे रागाने पाहिलं आणि मग, रागवायला खरा माणूस इथे नाहीच हे लक्षात आल्यासारखे, लॅपटॉप उघडले. ठरलं असं: एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्या प्रत्येक बातमीवर शिक्का मारायचा, आणि आपलाच शिक्का असलेली बातमी परत आली तर घ्यायची नाही. दोन्ही बाजूंनी, दोन्ही राउटरवर.

क्षिप्राने पटापट टाइप केलं. शिक्का असलेली बातमी नाकारा. एंटर. आणि सगळंच बंद पडलं. सर्व्हर तर गेलाच, लॅपटॉपपर्यंत येणारी वाटही गेली.

धनेशने मान पुढे करून तिचा स्क्रीन वाचला. "मॅडम, काय अडवायचं ते लिहिलंत. बाकीचं येऊ द्या, हे कोण लिहिणार?"

ही चूक शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात. काय चालेल हे न सांगता नुसतं काय चालणार नाही ते सांगितलं, तर राउटर सगळ्यालाच नाही म्हणतो. क्षिप्राचे कान गरम झाले. "हसू नकोस," ती म्हणाली.

"हसत नाही. मी हेच सकाळी केलं होतं."

तिने ती ओळ घातली. धनेशने त्याच्या बाजूची घातली. पुन्हा माग काढला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी, आणि सर्व्हर. केबिनच्या कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला आणि एकदम गेटपास ओकायला लागला. पहिला ट्रक हलला तशी बाहेर कोणीतरी आरोळी ठोकली.

तेवढ्यात सरपोतदारांचा फोन आला. क्षिप्राने तो स्पीकरवर टाकला.

"क्षिप्रा, स्पीकरवर नाही ना?"

"नाही सर."

धनेश श्वास रोखून बसला.

"गुड. मला एकच सांग, चूक कोणाची? धनेशची ना? मी आज निर्णय घेतो."

सोपं होतं. हो म्हटलं की नोकरी तिची. सीवूड्सच्या फ्लॅटचे हप्ते, मुलीची शाळा, सगळं त्या एका शब्दापाशी येऊन उभं राहिलं. तिने समोर पाहिलं. धनेशने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काहीच केलं नाही. तिला त्याचा थोडा रागच आला.

"सर, एकच काम दोघांना दिलं आणि एकमेकांना सांगू नका म्हणून बजावलं. त्यामुळे झालं."

"असं कोणी केलं?"

"तुम्ही, सर."

 सरपोतदार म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय," आणि फोन बंद झाला. आवाज अजिबात तुटत नव्हता.

काढलं कोणालाच नाही. संध्याकाळी सगळ्या कंपनीला मेल आला, त्यात सिनर्जी हा शब्द पाच ओळींत तीनदा होता.

पण ते संध्याकाळी. दुपारी सगुणाबाईंनी दोघांना बसवून भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. देवस्थळींच्या सुनेने बोटं चाटून खाल्लं. जेवता जेवता धनेश म्हणाला, "मॅडम, एक सांगायचंय. मी पुढच्या महिन्यात ऐरोलीला एका कंपनीत जॉइन होतोय. ऑफर लेटर आलंय."

क्षिप्राचा घास हातात राहिला. "कधी आलं?"

"झाले दहा-बारा दिवस."

"अरे मग सकाळी ही मारामारी कशाला? लाइन कशाला चालू केलीस? मी फोनवर तुझ्यासाठी नोकरी पणाला लावली!"

"ते मला माहीतच नव्हतं की तुम्ही लावाल," तो खाली बघून म्हणाला. "आणि सोडून जाणं वेगळं मॅडम. काढून टाकणं वेगळं. काकाच्या यार्डातून मला काढतात, हे गावात ऐकायला लागलं असतं."

सगुणाबाईंनी तिच्या ताटात आणखी कालवण ओतलं. "त्याला लय बोलू नको गो. तो लहानपनापासून असाच हाय. पन मनाचा बरा हाय."

आपण शहाण्यासारखं वागलो की मूर्खासारखं, हे क्षिप्राला ठरवता येईना. एक नक्की झालं होतं: पुढच्या महिन्यापासून पावणे आणि जासई दोन्ही तिच्याच गळ्यात पडणार होतं, पगार तोच. तिने भाकरी संपवली, हात धुतले आणि ओढणीला पुसले.

"ऊठ," ती धनेशला म्हणाली. "यार्डातला एकेक बॉक्स उघडून दाखव. कुठल्या खांबावर काय लटकवून ठेवलंयस, सगळं. आज जाते ती सगळं बघूनच."

"आत्ता? उन्हात?"

"आत्ता."

तो कण्हत उठला. दोघं ट्रकांच्या मधून वाट काढत पहिल्या खांबाकडे निघाले, आणि तो वाटेतच तिला सांगायला लागला की ह्या खांबावरच्या बॉक्सची चावी हरवलीय, तो दगडाने उघडावा लागतो.