सतरा वेळा वळलेली मान

मित्रांनो, माझ्या बिजागरीला चिकटपट्टी लावलेली आहे आणि बटणांवरची निम्मी अक्षरे झिजून गेली आहेत. मी एक जुना लॅपटॉप आहे. नवा होतो तेव्हा पहिल्या मालकाने माझे फार कौतुक केले. पुढे त्याने दुसरा घेतला आणि मी अडगळीत पडलो. दुरुस्तीच्या दुकानातून मला घरी आणले ते ताईने.

ताईने कॉलेजात सुरक्षा व्यवस्थेची पदविका घेतली होती. दिवसभर ती एका मोठ्या दुकानात कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसे. कोणाची हालचाल संशयास्पद वाटली, की खालच्या पहारेकऱ्याला कळवी.

"पकडायचं शिकले, न्याय कुठे शिकले?" असे म्हणत तिने गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाच्या ऑनलाइन पदवीला नाव घातले.

तिचे बाबा हसले होते. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही तर घरबसल्या चढायला निघाली!"

वर्षभरात बाबांना अर्धांगवायू झाला. त्यांची वाचा गेली. घर एका खोलीचे. काही हवे असले की ते चमच्याने खाटेचा दांडा वाजवत.

परीक्षा घरूनच द्यायची होती आणि शेवटच्या पेपरला पहारा माझ्याच कॅमेऱ्याच्या डोळ्याचा होता. पडद्यावरून नजर हटवायची नाही, असा नियम. नेमका त्याच दिवशी बाबांना सारखा ठसका लागत होता. ताई उत्तरे लिही, मान वळवून पाही, पुन्हा लिही. मी इमानेइतबारे मोजले: सतरा वेळा. ठसके मोजायला मला कोणी सांगितले नव्हते.

कॉपीच्या संशयावरून निकाल अडकला. तीन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती द्यायला निघालेला मीच होतो. मला फार लाज वाटली.

चौकशीही माझ्याच पडद्यावर झाली. समितीच्या बाईंनी विचारले, "सतरा वेळा कुठे बघत होतात?"

ताईने मला उचलले आणि खाटेकडे वळवले. बाबांनी चांगला हात कपाळाला लावून बाईंना नमस्कार केला आणि त्यांना ठसका लागला.

"अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कोणी विचारलंच नाही, मॅडम."

बाई म्हणाल्या, "पेपर तपासायला पाठवते."

ताई पास झाली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती बाबांना भरवताना सांगत होती, "आज दुकानात पडद्यावर एक बाई सारखी मागे वळून बघत होती. एरवी मी लगेच खाली कळवलं असतं. आज स्वतः जाऊन विचारलं. बाबा, तिची आंधळी सासू दाराशी बसली होती हो." तिने घास परत ताटात ठेवला. "याआधी मी किती जणींना अडवलं असेल?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. नुसता तिचा हात धरून ठेवला.

मित्रांनो, आता माझी बॅटरी तासभरही टिकत नाही. मला फेकू नका, माझ्या डोळ्यावरची धूळ तेवढी पुसत जा. पण एवढे लक्षात ठेवा: वळलेली मान मला दिसते. ती कोणासाठी वळली, हे तुम्हालाच विचारावे लागेल.