दहा चाळीस ते दहा बावन्न

कपडे धुण्याचं मशीन टीं-टीं करत ओरडलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की धुणं होऊन गेलंय आणि आपण अर्धा तास एकाच पानाकडे बघत बसलोय.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नोंदवही उघडी पडली होती. बाहेरच्या देशात शिकून आलेल्या डॉक्टरला इथे एका वर्षाचा तात्पुरता परवाना मिळे, आणि त्यालाही अटी शंभर. मोठे डॉक्टर शेजारी उभे असतील तरच पेशंटवर काही करायचं, केलेलं प्रत्येक काम वेळेसकट वहीत लिहायचं, त्याखाली त्यांची सही घ्यायची. तिचा परवाना सोमवारी संपत होता. मुदत वाढवून हवी तर वही आज पाचच्या आत कचेरीत पोचायला हवी होती. सगळी वही सह्यांनी भरली होती, फक्त बुधवारचं पान कोरडं.

बुधवारी चार नंबरच्या खाटेवरचा म्हातारा बस ड्रायव्हर बोलता बोलता निळा पडला. छातीची डावी बाजू हलेना, श्वासनळी उजवीकडे सरकलेली. आत हवा कोंडून फुप्फुस दाबलं जात होतं. मोठे डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये होते. फोनवर म्हणाले, "आलोच, थांबा." ती थांबली नाही. सात वर्षं आपल्या देशात इमर्जन्सी सांभाळलेले हात ते, ते कोणाची वाट बघतात? सुई आत गेली, फुस्स करून हवा बाहेर आली, आणि शुद्धीवर येताच म्हाताऱ्याने तिला एक सणसणीत शिवी हासडली. इतकी गोड शिवी तिने जन्मात ऐकली नव्हती.

मोठे डॉक्टर धापा टाकत आले. "शाब्बास!" म्हणाले.

घोडं अडलं ते नंतर. बाकीचे शिकाऊ डॉक्टर वेळेचा रकाना पेन्सिलीने भरत आणि संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना विचारून शाईने गिरवत. ही मात्र जुन्या सवयीने तिथल्या तिथे पेनने लिहून मोकळी झाली होती: सुई, दहा चाळीस. मोठे डॉक्टर हजर, दहा बावन्न.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" मोठ्या डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "यावर सही केली तर माझीच मान अडकेल. पान नव्याने लिहा. सुईपण दहा बावन्नला."

"सर, तोवर ते जगलेच नसते."

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. वहीला कशाला सांगायचं?"

आज दुपारपासून ती तेच पान नव्याने लिहायला बसली होती. 'दहा' इतकंच लिहून झालं होतं.

"झालं का गं?" सासूबाई ओले कपडे बादलीत काढत म्हणाल्या. "बारा मिनिटांपायी बारा वर्षांचं शिक्षण पाण्यात घालणार आहेस का? वय सांगताना बायका पाच-पाच वर्षं खातात, त्यांना कोणी कचेरीत बोलावत नाही."

तिला हसू आलं. "आई, या वह्या पुढच्या मुलांना शिकवायला वापरतात. उद्या कोणी हे पान वाचून बारा मिनिटं थांबलं तर?"

सासूबाईंनी एक टॉवेल करकचून पिळला. मग म्हणाल्या, "भिंगरीची शाळा सुटायची वेळ झाली. तिला घेऊनच जा कचेरीत. साडेचार वाजलेत."

तिची लेक भिंगरी सहा वर्षांची. कचेरीच्या बाकावर पाय हलवत बसली, जीभ बाहेर काढून दप्तराची चेन उघडझाप करत. खिडकीतल्या कारकुनाने वही चाळली आणि बुधवारच्या, पेनने लिहिलेल्या जुन्याच पानावर बोट ठेवलं.

"सही?"

"नाही मिळाली. पण लिहिलंय ते खरं आहे."

त्याने पान दोनदा वाचलं. आवाज खाली आणला. "मॅडम, माझ्या सासऱ्यांना असं काही झालं ना, तर समोर तुम्हीच असाव्यात. पण मला इथे सही लागते." आणि त्याने 'अपूर्ण' असा शिक्का ठोकला.

"म्हणजे सोमवारपासून?"

"सोमवारपासून पेशंटला हात लावायचा नाही. चौकशी होईपर्यंत."

"आणि चौकशी कधी?"

"तिला कसली घाई, मॅडम? ती काय निळी पडलीय?"

बोलून गेल्यावर तोच ओशाळला. तिला वाटलं, त्याने परत सरकवलेली वही त्या काचेवर आपटावी. त्याऐवजी तिने भिंगरीचं दप्तर खांद्यावर घेतलं, तिचा चिकट हात धरला आणि तरातरा पायऱ्या उतरली. खाली आल्यावर तो हात आपण किती घट्ट आवळलाय ते कळलं, तेव्हा तिने वाकून त्यावर फुंकर घातली.

"आई, ते बस ड्रायव्हर आजोबा मेले का?"

"नाही गं बाळा. सोमवारी घरी जाणार आहेत."

"मग ते काका शिक्का का मारत होते?"

"मला थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि मी थांबले नाही, म्हणून."

भिंगरीने यावर बराच विचार केला. तिच्या शाळेतही न थांबणाऱ्याला बाकावर उभं करत. मग तिने मान वर करून आईकडे बघितलं.

"मग आता परत कोणी निळं झालं, तर तू थांबशील?"