ओढ्याकाठची बत्तीस झाडं

"आज पाळी कुणाची? तुमची की त्याची?" करवत्याच्या बायकोनं सकाळीच विचारलं.

"त्याची," करवतीच्या दातांवर कानस फिरवत करवत्या म्हणाला. "माझी काल झाली."

कोपऱ्यात तीन पांघरुणांखाली तिचा सख्खा भाऊ हुडहुडत होता. नवरा आणि भाऊ मिळून एक करवत ओढायचे. करवतीला मुठी दोन, म्हणजे दोन्ही टोकांना माणूस हवाच. पण ताप असा काटेकोर, की आज याला, उद्या त्याला, परवा पुन्हा याला. अकरा दिवस करवत भिंतीला टेकून उभी होती. धार मात्र रोज लागत होती.

"ठेकेदाराचा निरोप आलाय," करवत्या म्हणाला. "ओढ्याकाठचा पट्टा तेवढा राहिलाय. बत्तीस झाडं. महिनाअखेर आडवी करा म्हणतो."

"झाडं कसली आडवी करताय? तुम्हीच आलटूनपालटून आडवे पडताय!"

तिला झाडांचा फार लळा होता असं नाही. तिचा जीव लेकीत अडकला होता. जावई दूर कामाला, म्हणून सातव्या महिन्यातली लेक इथंच राहायला आलेली. आणि घर ओढ्यापासून चाळीस पावलांवर. नर्सबाई दर खेपेला तेच बजावायच्या, "हिला हिवताप होऊ द्यायचा नाही. दोन जिवांशी गाठ आहे."

त्या दिवशी नर्सबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. करवत्याच्या रक्तात हिवताप पुन्हा सापडला होता.

"चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. संपवल्या का?"

"एकही वाया घालवली नाही," करवत्या अभिमानानं म्हणाला. "सात मी खाल्ल्या, सात यानं."

"याला द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं, बाई? करवतीवरची रीतच आहे. डबा निम्मा, विडी निम्मी. एकानं गिळायचं आणि दुसऱ्यानं तोंडाकडे बघत बसायचं का?"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, निम्म्या औषधानं निम्मा ताप जात नाही. सगळाच मुक्कामाला राहतो. आणि तू रे? रक्त द्यायला का आला नाहीस?"

"सुई टोचता ना," पांघरुणांतून आवाज आला.

"ऐकलंत?" बहीण म्हणाली. "अंगावर झाड कोसळत आलं तरी हा शीळ घालत बाजूला सरकतो. आणि सुईला भितो मेला!"

नर्सबाईंनी त्याचं बोट ओढून बाहेर काढलं, टोचलं, आणि दोघांनाही गोळ्यांची वेगवेगळी, पूर्ण पाकिटं दिली. निघताना करवत्याच्या बायकोनं त्यांना अंगणात गाठलं.

"बाई, आम्ही इथं आलो तेव्हा रान असं दाट, की दुपारी दिवा लावावा. डास तेव्हाही होते, पण घरटी ताप नव्हता. झाडं गेली तसे डासही जायला नकोत का?"

नर्सबाई पिशवीतून पांढरा, लांब दांड्याचा डाव काढून तिला ओढ्यावर घेऊन गेल्या. झाडं तोडलेल्या बाजूला ओंडक्यांच्या ट्रकनं चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्यांत नितळ पाणी उन्हात चकाकत होतं. नर्सबाईंनी डाव बुडवला. केसांच्या तुकड्यांसारख्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या पडल्या होत्या. अकरा मोजल्या. मग पट्ट्याच्या गार सावलीत पाच वेळा डाव बुडवला. एक पाणकिडा निघाला, तोही चिडलेला.

"इथल्या या डासाला ऊन लागतं," त्या म्हणाल्या. "उथळ, स्वच्छ, कोमट पाणी. सावलीत त्याचं फारसं निभत नाही."

"आणि हा पट्टा गेला तर?"

"तर तुमच्या दारात त्यांचं पाळणाघर."

डाव तिनं मागूनच घेतला. दुसऱ्या दिवसापासून चाकोऱ्या मातीनं बुजवायला लागली. रोज सकाळी दोघा गड्यांना समोर बसवून गोळी गिळायला लावायची आणि तोंड उघडून जीभ वर करायला सांगायची. "ताई, मी काय वासरू आहे का?" भाऊ कुरकुरायचा. "वासरू शहाणं असतं," ती म्हणायची.

दोघंही खडखडीत बरे झाले, आणि तिथंच तिचं घोडं पेंड खायला लागलं. आता करवतीच्या दोन्ही टोकांना माणूस होता, आणि ठेकेदार दुपारी यायचा होता.

"अहो, ओढ्यावर नका जाऊ."

"ठेकेदाराला काय सांगू? बायको नको म्हणते?"

तिनं वाद घातला नाही. त्याला हाताला धरून अजून न बुजलेल्या एका चाकोरीपाशी नेलं आणि डाव बुडवून नाकासमोर धरला. मग सावलीतला दाखवला. करवत्यानं डाव तिच्या हातातून घेतला आणि चाकोरीत स्वतः बुडवून पाहिला.

"म्हणजे हे मी केलं?"

"निम्मं," ती म्हणाली. "निम्मं माझ्या भावानं."

दुपारी ठेकेदार झाडांवर खुणा करायला खडू आणि माल न्यायला ट्रक घेऊन हजर झाला. तोडण्याआधी करवत्यानं कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकायचं, कान लावायचा आणि भरीव की पोकळ ते सांगायचं. पोकळ झाड कुणी वाहून नेत नाही. वीस वर्षांत त्याचा शब्द कुणी तपासला नव्हता, कारण झाडाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

त्यानं पहिलं झाड ठोकलं. आवाज असा खणखणीत, की झाड भरीव आहे हे दारात उभ्या लेकीलाही कळावं.

"पोकळ," करवत्या म्हणाला.

भावानं आ वासला. बहिणीनं नुसतं पाहिलं. आ मिटला.

दुसरं पोकळ. तिसरं पोकळ. दहाव्याला करवत्याला घाम फुटला होता. विसाव्याला तो झाडाच्या नजरेला नजर देईना.

"सगळीच?" ठेकेदार ओरडला.

"ओढ्याचं पाणी आतून खातं, साहेब," भावानं पुस्ती जोडली.

"अरे, बत्तिसांत एक तरी भरीव असेल की नाही?"

करवत्यानं विचार केला. सगळ्यांत जाड झाडापाशी जाऊन ठोकलं. ढब्ब असा पोकळ आवाज आला.

"हे घ्या. खणखणीत माल."

भावाला खोकल्याची उबळ आली.

ठेकेदारानं तिथंच तोडायला लावलं. झाड पडलं, आणि बुंध्यात हंडा मावेल एवढं भगदाड निघालं. ठेकेदारानं कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर भुसा बाहेर काढला. हातावर मुंग्या चढायला लागल्या.

"हे भरीव?"

"त्यातल्या त्यात," करवत्या खाली मान घालून म्हणाला.

ठेकेदारानं उरलेल्या एकतीस झाडांकडे एकदा पाहिलं, हात झटकला आणि ट्रकवाल्याला हाक मारली, "वळव रे! भरीव म्हणतात ते हे, तर पोकळ कशी असतील!"