कॉल न येणारा प्लेअर

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "संजीवनीताई, रोज चाळीस मिनिटं पळायचं. हळू पळा, पण सलग. पुढच्या महिन्यात साखर अशीच राहिली, तर इन्सुलिन सुरू करावं लागेल." मी मान डोलावली. साखर काय चीज आहे ते मला कोणी सांगायला नको. माझ्या आईच्या पायाचा आधी अंगठा गेला, मग पाऊल गेलं. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी बसून राहत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या बदलापूरच्या कुळगावातून नदीच्या पुलाकडे पळायला सुरुवात केली. आठ दिवस झाले तरी सलग सहा मिनिटांच्या वर माझी गाडी जाईना. पाय चांगले आहेत हो माझे. नडत होता तो फोन.

आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं. आम्ही तळमजल्याला, आणि पाण्याच्या मोटरचं बटण आमच्या दाराला लागून. नगरपालिकेचं पाणी पहाटे खालच्या टाकीत येतं, मग मोटर लावून ते गच्चीवर चढवायचं, आणि पाऊण तासाने आठवणीने बंद करायची. पंधरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. कोणी दिलं नाही, दार जवळ म्हणून आपोआप चिकटलं. आपोआप चालू-बंद होणारं यंत्र दोनदा बसवलं, दोन्ही वेळा जळलं. त्यामुळे सकाळी सहापासून माझा फोन सुरू. "ताई, पाणी आलं का?" "मोटर लावली का?" "आज धार बारीक का येते?" दुसऱ्या मजल्यावरची किर्ती तर नळ उघडायच्या आधीच फोन करते. मी मोटर लावून पळायला निघाले तरी दर पाच मिनिटांनी रस्त्यात उभी. उभं राहून बोलण्याला पळणं म्हणत नाहीत.

"मग फोन सायलेंट ठेव ना, आई," आमची मैत्रेयी म्हणाली. ती ठाण्याला ऑफिसात आहे, तिच्याकडे सगळ्यावर सेटिंग असतं.

"खिशात थरथरला की माझा हात जातोच. मी मला ओळखते."

"फ्लाइट मोड?"

"तो पण लावून बघितला. दोन मिनिटांत काढला. जीव राहत नाही. मला फोन नकोच. नुसतं गाणी वाजवणारं काहीतरी पाहिजे. गाण्याशिवाय मला पळवत नाही आणि फोनसकट पळू देत नाहीत."

इतका वेळ पेपरात डोकं घातलेले आमचे हे, महेंद्र, तेव्हा बोलले. "फोनशिवाय जायचं नाही. रस्त्यात चक्कर आली तर?"

"आली तर लोक उचलून आणतील. अख्खं कुळगाव ओळखतं मला."

"ओळखतं म्हणून काय झालं," ते पुटपुटले, आणि पुन्हा पेपरात शिरले.

रविवारी मैत्रेयीला घेऊन उल्हासनगरला गेले. कॅम्पातल्या बाजारात एका सिंधी शेठचं छोटंसं दुकान आहे. समोर मोबाइलची कव्हरं टांगलेली आणि मागे शेठ. मी म्हटलं, पळताना गाणी ऐकायला काय आहे दाखवा. त्याने गळ्यात अडकवायचा पट्टा काढला.

"भाभी, ये लो. इसमें कॉल भी आता है."

"कॉल नको."

"तो ये घड़ी. कलाई पे बांधो, हाथ में ही कॉल!"

"शेठ, कॉल नहीं चाहिए."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हॉटेलात जाऊन न शिजवलेला भात मागितला. मग क्लिपवाला छोटा स्पीकर दाखवला. तो लावला तर माझी गाणी अख्ख्या बदलापूरने ऐकली असती. मैत्रेयी माझ्या कानात म्हणाली, "आई, असे प्लेअर आता कोणी घेत नाही गं. लाज आणतेस." मी म्हटलं, "लाज वाटते तर समोर जाऊन दाल-पकवान खा." गेली की खरंच!

शेवटी शेठने स्टूलवर चढून वरच्या खणातून दोन डबे काढले. धूळ फुंकली. एक प्लेअर चपटा, काचेचा, बोट फिरवायचा. चष्म्याशिवाय मला त्यातलं काही दिसलं नसतं, आणि घामाच्या बोटाने तो ऐकणार नाही हे शेठनेच कबूल केलं. दुसरा काडेपेटीएवढा. मागे क्लिप, पुढे चार बटणं, वायरचे इअरफोन. बटणं अशी फुगीर की डोळे मिटून कळावीत.

"इसमें कुछ नहीं है, भाभी," शेठ अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "बस गाना बजता है."

"हाच द्या."

पण अशी कशी घेईन? मी क्लिप कुर्त्याच्या गळ्याला लावली, वायर आतून घेतली, ओढणी कमरेला खोचली, आणि दुकानासमोर गल्लीत पळत दोन फेऱ्या मारल्या. हातगाडीवाला थांबून बघत होता. एकदाही क्लिप निसटली नाही. शेठ हसून हसून लाल झाला, पण प्लेअरच्या मेमरी कार्डात गाणी त्याने स्वतः बसून भरून दिली. मी जयंतीच्या मिरवणुकीतली, ढोलकी-हलगीची मागितली. त्यावर पाय आपोआप उचलतात.

सोमवारी पहाटे मी माझा फोन यांच्यासमोर टेबलावर ठेवला. आयुष्यभर अंबरनाथच्या फॅक्टरीत घराएवढी मशिनं चालवलेला माणूस, पण दारातलं बटण कधी दाबलेलं नाही. त्यांना सगळं सांगितलं. खालच्या टाकीत धार ऐकू आली की मोटर लावा. पाऊण तासाने बंद करा. फोन येतील, ते घ्या.

"आणि तुला काही झालं तर?"

"काही होत नाही. झोपू नका, टाकी भरून वाहायला लागेल."

निघाले. पहिली दहा मिनिटं कानात हलगी आणि डोक्यात टाकी. यांनी मोटर लावली असेल ना? किर्ती चार वेळा फोन करेल, हे वैतागतील. एका क्षणी परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण थांबले असते तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दात-ओठ खाऊन पळत राहिले. पूल आला. पाण्यावर धुकं होतं, पलीकडे कोणीतरी म्हशी आणल्या होत्या. तिथे कधीतरी टाकी डोक्यातून गेली. कधी गेली ते कळलंच नाही. हातातल्या घड्याळात चाळीस मिनिटं झाली तेव्हा मी अजून पळतच होते! मला इतका आनंद झाला की त्या म्हशींना सांगावंसं वाटलं. आणखी जरा पुढे जाऊन मगच परत फिरले.

घरी आले तर सगळं शांत. मोटर बंद, जिना कोरडा. हे फोन घेऊन खुर्चीत बसलेले.

"किती फोन आले?"

"अकरा. सगळ्यांना सांगितलं, जयभीम, पाणी आलंय, मोटर लावलीय."

"मला कोणी विचारलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ताई कुठेत, आज फोन तुम्ही कसा उचललात, असं?"

यांनी आठवून पाहिलं. "नाही. बरं म्हणाले आणि ठेवला."

"किर्तीने पण?"

"तिने तर जयभीमपण पुरा होऊ दिला नाही."

मला लागलं ते. पंधरा वर्षं मला वाटत होतं, बिल्डिंगचं माझ्यावाचून पान हलत नाही. त्यांना पाणी पाहिजे होतं. उचलायला कोणीही चाललं असतं. मी वैतागायचे, पण आतून मला ते आवडत होतं, हे त्या खुर्चीसमोर घाम पुसताना कळलं. फोन ओढून घेतला आणि यादी बघितली. अकरा नव्हते, बारा होते. बारावा कोणी उचललेलाच नव्हता. सहा वाजून बावन्न मिनिटं. नाव महेंद्र.

"अहो, हा तुमचा फोन?"

ते दुसरीकडे बघायला लागले.

"माझा फोन तुमच्याच हातात. मग लावलात कोणाला?"

"चाळीस मिनिटं म्हणाली होतीस. तासाच्या वर होऊन गेलं होतं," ते म्हणाले. "राहवलं नाही. लावला. हातातच वाजला."

"मग?"

"मग काय. पूर्ण वाजू दिला."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ते मी घामात खपवलं. म्हटलं, "उद्या पण फोन घरीच राहणार आहे."

"राहू दे," ते म्हणाले. "पण पुलाच्या पुढे जाणार असशील तर आधी सांगून जा."