रिकाम्या जागेवरची पट्टी

चामोर्शीच्या बसस्टँडमागे गुलाबभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे. कुणाचा वाढदिवस असो, कुणी निवडून येवो की कुणी मरो, माणूस आधी तिथंच धावतो. डिझाईन करणारी बाई रिना उंदिरवाडे. तिचा हात असा चालायचा की गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत नवरदेव-नवरी बदामात बसलेली असायची. पण दिवाळीनंतर गुलाबभाऊंनी डिझाईनचं सॉफ्टवेअर नवं टाकून घेतलं आणि सुरळीत चाललेल्या कामात खोडा पडला. जुनं काय वाईट होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

जुन्यात हत्यारांची पट्टी, म्हणजे तो टूलबार, पडद्याच्या वरच्या काठाला चिकटून गुमान बसायची. नव्यात ती तरंगती झाली. फोटोवर क्लिक केलं रे केलं की ही बया काठावरून सुटायची आणि भलतीकडेच मध्ये येऊन उभी राहायची. रिनाने तिला ओढून काठाला लावलं, जागेवर कुलूपबंद केलं, सगळी मांडणी पुसून पहिल्यासारखी केली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पट्टी आपली सुटलेली ती सुटलेलीच. परत जुनंच टाकावं म्हटलं, तर नव्यात सेव्ह केलेल्या फायली जुन्यात उघडेनात.

"पट्टी हाय का मोकाट गाय हाय वो ही?" गुलाबभाऊ म्हणायचे, आणि चहा प्यायला निघून जायचे.

तिथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं समजायला या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. गेलेल्या माणसाचा एकट्याचा धड फोटो कुणाच्याच घरी नसतो. असतो तो लग्नातला, जत्रेतला, घरकुलाच्या पाटीपुढचा, आणि बाजूला कुणी ना कुणी उभं असतंच. जिवंत माणसाचं तोंड श्रद्धांजलीच्या बॅनरवर जाता कामा नये, नाहीतर घरचे लोक दुकान डोक्यावर घेतील. म्हणून फोटो चौकटीत घालायचा आणि सरकवायचा. गेलेला चौकटीच्या आत, जिवंत चौकटीच्या बाहेर. बाहेरचा कापला जात नाही, नुसता झाकला जातो. छापल्यावर दिसत नाही, तेव्हा उगाच कापाकापी कोण करतो?

पत्रूम्हातारा गेला, त्याचा फोटो बायको कलाबाईसोबतचा होता. रिनाने कलाबाईला झाकलं. पट्टी सुटली आणि पत्रूला सोडून बाजूच्या कोऱ्या जागेवर जाऊन थांबली. खाली कलाबाई झाकलेली होती, नेमकी तिथं. रिनाने ढकलली, ती परत तिथंच आली. महिनाभरात कलाबाईचं बॅनर करायला तिचा मुलगा दुकानात उभा. म्हातारी माणसं, एकामागे एक जायचीच, असं रिनाने मनाला समजावलं. मग इसरू ट्रॅक्टरखाली गेला. तरणाताठा पोरगा. फोटोत चैतू नावाचा त्याचा दोस्त गळ्यात हात टाकून हसत होता. त्याला झाकल्याबरोबर पट्टी त्याच्या जागेवर जाऊन बसली. मोहफुलांच्या दिवसांत चैतू पहाटे टोपली घेऊन जंगलात गेला आणि वाघाने त्याला नेलं.

चैतूचं बॅनर करताना रिनाने माऊसवरचा हात काढून घेतला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे काय तिला माहीत नव्हतं? पण फांदी दोनदा तुटली होती. त्यानंतर ती बॅनरमधल्या कोऱ्या जागांकडे बघायला घाबरू लागली. लग्नपत्रिकेतसुद्धा जरा मोकळी जागा दिसली की ती फुलं टाकून भरून काढायची.

बरं, बोलणार कुणापाशी? घर बौद्धांचं. आजेसासऱ्याने छप्पन साली देवदेव, भगत, उतारे, नवस सगळं एका दमात सोडलं होतं आणि त्याची ताठ मान अजून घरात होती. सासू मीराबाई तर असल्या गोष्टींवर चवताळून उठायची. शेजारणीने नुसतं म्हटलं, की नाल्याकडे संध्याकाळचं जाऊ नका, तरी ही तिला सुनवायची, "पाणी हाय थे. पाण्यात माणूस बुडते. भूत कायले पाह्यजे?" तिचा स्वतःचा मुलगा त्याच नाल्यात बुडाला होता. तिच्यासमोर कॉम्प्युटरमधल्या पट्टीची भीती सांगायची म्हणजे रिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

तो मुलगा म्हणजे रिनाचा नवरा, प्रफुल. मागच्या पावसाळ्यात पुलावरून गाडीसकट वाहून गेला. आता वर्ष होत आलं होतं. मीराबाई म्हणाली, "विहारात कार्यक्रम ठेवू. मोठा बॅनर कर. तोच फोटो घेजो, मार्कंड्याच्या जत्रेतला."

त्या फोटोत प्रफुल एकटा नव्हता. त्याच्या कडेवर त्यांची पोर होती, रोशनी. प्रफुल गेला तेव्हा बॅनर गुलाबभाऊंनीच केलं होतं आणि रीतीप्रमाणे पोरीला झाकलं होतं. मूळ फोटो प्रफुलच्या फोनमध्ये, आणि फोन नाल्यात; त्याने जत्रेतून गुलाबभाऊंना पाठवलेला त्यांच्या फोनमधून केव्हाच पुसला गेला होता. बापलेकीचा एकत्र असा तेवढाच फोटो जगात होता आणि तो त्या फायलीत होता. रिनाने वर्षभर ती फाईल उघडली नव्हती. आधी दुःखाने, मग भीतीने.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिने फाईल उघडली. चौकटीत प्रफुलचा चेहरा, बाजूला कोरी निळी जागा. क्लिक न करता काम होईल का, हे तिने आधी बघितलं. होईना. वर्ष बदलायचं, फोटो मोठा करायचा, सगळ्याला क्लिक लागतोच. शेवटी तिने डोळे मिटून बोट दाबलं.

डोळे उघडले तेव्हा पट्टी प्रफुलच्या शेजारी निळ्या जागेवर उभी होती, रोशनीच्या अगदी वर.

रिना खुर्चीवरून उठलीच. तिने आधी घरी फोन लावला. रोशनी शाळेतून आली होती, जेवली होती, आजीशी भांडत होती. तो आवाज ऐकून ती खाली बसली आणि मग तिने गडचिरोलीच्या दिनेशला फोन केला. दुकानाचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा.

"ताई, ते पट्टी निवडलेल्या फोटोच्या बरोबर मधात येते," दिनेश म्हणाला. "नव्या व्हर्जनमंदी तसंच करून ठेवलं हाय त्यायनं. आता तुमी अर्धा फोटो चौकटीत झाकता. पण थे माप पुऱ्या फोटोचं घेते. म्हणून तुमाले वाटते का बाजूले जाऊन राह्यली."

"मंजे झाकलेलं माणूस त्याले दिसते?"

"माणूस नाई वो ताई, लांबीरुंदी दिसते! कंपनीले माहीत हाय हा दोष. अपडेट येऊन राह्यलं. थोडी वाट पाहा."

"उद्याच पाह्यजे मले बॅनर."

"मंग झाकू नका, सरळ कापून टाका. फोटोच तेवढा उरला का पट्टी त्याच्यावरच येईन."

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर शहाण्या माणसाने सुटकेचा श्वास टाकला असता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. लांबीरुंदीने पट्टी कलाबाईवर का गेली ते दिनेशने सांगितलं. कलाबाई का गेली ते कुठे सांगितलं? रिनाच्या कानात एकच शब्द राहिला, कापून टाका. चैतूला तेव्हा कापलं असतं तर?

तिने चौकट उघडली. पूर्ण फोटो पडद्यावर आला. मागे जत्रेचा पाळणा, पुढे घामाने चमकणारा प्रफुल, आणि त्याच्या उजव्या हातावर रोशनी, पिवळा झगा, गालाला गुलाबी साखर लागलेली, बापाच्या कानात काहीतरी सांगणारी. काय सांगत होती कुणास ठाऊक. रिना हमसून हमसून रडली. वर्षभर जे उघडायचं टाळलं ते इतकं गोड होतं, याचंच तिला जास्त रडू आलं.

आधी एक कॉपी ठेवावी, एवढं तिलाही सुचलं. तिने बोट नेलंही. पण कॉपी ठेवली म्हणजे पोरगी गेलेल्या माणसाच्या बाजूला राहिलीच की. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या फायलीत, पण राहिलीच. आणि उद्या कुणी ती फाईल उघडून परत चौकट घातली म्हणजे? फोटो हवा की पोर, असा सवाल तिने स्वतःला घातला आणि त्याला दुसरं उत्तर नव्हतं. वेडेपणा होता का? होताच. पण एक माणूस नाल्याला देऊन बसलेल्या बाईला शहाणपण शिकवायला मी तरी धजणार नाही.

तिने हळूहळू पोरीच्या कडेकडेने रेघ फिरवली. झगा, केस, बापाच्या कानाला लागलेला गाल. प्रफुलचा हात मात्र तिला कापवेना, तो तिने तसाच ठेवला. मग पोरीसकट त्या बाजूचं सगळं डिलीट केलं, सेव्ह केलं आणि उलटं फिरता येऊ नये म्हणून सॉफ्टवेअर बंद करून टाकलं. पुन्हा उघडून क्लिक केलं. पट्टी आली आणि प्रफुलच्या छातीवर थांबली. रिनाने फोटो मोठा केला, छोटा केला, इकडेतिकडे हलवला. पट्टी प्रफुललाच धरून राहिली. कितीतरी महिन्यांनी तिच्या अंगातला ताण उतरला आणि तिने गुलाबभाऊंसाठीसुद्धा चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी विहारात बॅनर लागलं. 'कालकथित प्रफुल उंदिरवाडे, प्रथम स्मृतिदिन.' माणसाएवढ्या मापाचं, जमिनीपासून थोडंसंच वर. वंदना झाली, लोक फुलं वाहून जेवायला बसले. गुलाबभाऊ उशिरा आले ते हसतच.

"रिना, सकाळी अपडेट आलं वो! टाकलं मी. आता पट्टी काठाले चिपकून बसते, हालत नाई. एक दिस थांबली असती तं एवढा ताप नसता झाला तुले."

आपण काय करून बसलो ते रिनाला त्या क्षणी पुरतं कळलं आणि तिने भिंतीला हात टेकला.

मीराबाई बॅनरसमोर उभी होती. "प्रफुलचा हात असा काऊन दिसते? वाकडा. काई धरल्यासारका."

"मी होतो ना आजी त्याच्यात," रोशनी म्हणाली. ती ताटावरून उठून आली होती. "पाळण्यापाशी. बाबाच्या कानात मी सांगत होतो का मले अजून एक चक्कर पाह्यजे." आणि पोर सरळ बॅनरला पाठ लावून त्या वाकलेल्या हाताखाली, निळ्या जागेत जाऊन उभी राहिली. तिचं डोकं बरोबर हाताला लागलं. "आई, फोटो काढ ना. माही जागा इथी हाय."

"काढ ना वो," मीराबाई म्हणाली. "बापाजोळ उभी हाय लेक. काय होते त्यानं?"

गुलाबभाऊंनी खिशातून फोन काढून वर धरला तशी रिना धावली. तिने रोशनीचा दंड धरला, तिला त्या जागेतून ओढून पुढे घेतलं आणि स्वतः मागे सरकत सरकत बॅनरला टेकली. तिच्या खांद्यामागे प्रफुलचा हात आला. फ्लेक्सला नव्या शाईचा वास येत होता.

"आई, ते माही जागा होती!"

"होती," रिना म्हणाली. तिने पोरीला दोन्ही हातांनी आपल्यापुढे घट्ट धरलं आणि गुलाबभाऊंकडे बघितलं. "आता माही हाय. काढा भाऊ."