रेणूचे एकोणीस हात

रविवार होता. मंठ्याच्या घरी ओट्यावर बसून काकासाहेब सर मोबाइलवर मोठ्यानं बोलत होते. आत त्यांची लेक रेणू आईसोबत, उषाबाईंसोबत, मेथी निवडत होती. महिन्यातून एकदा ती जालन्याहून यायची.

"चिठ्ठ्या-बिठ्ठ्या काही न्हाई. सगळ्यांनी डोळे मिटायचे, नाव घेतलं की हात वर करायचा. बघणार एकटा मोजणारा. मंग कोणाची दोस्ती तुटत न्हाई. मी येऊन राह्यलो बुधवारी, बराबर अकराला."

"रिटायर होऊन सहा वर्षं झाली," उषाबाई म्हणाल्या, "तरी यांच्याबिगर त्या पोरांना हात मोजता येईनात!"

"तुला तरी कुठं येतं? काल तीन पोळ्या सांगितल्या, चार वाढल्या."

"चौथी गुपचूप खाल्लीच की!"

रेणूला हसू आलं. कॉलेजचं वाङ्मय मंडळ तिच्या वडिलांनी, नानांनी, उभं केलं होतं आणि अध्यक्ष निवडायची ही पद्धतही त्यांचीच. ते आत येऊन तिच्याजवळ टेकले. "मोजणारा सच्चा पाहिजे, बाई. बाकी सगळं आपोआप होतं."

पंधरा वर्षं अडलेलं वाक्य रेणूच्या ओठांवर आलं. "चहा गार होतोय, नाना," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर सुमित घरी आला. एकेकाळचा तिचा वर्गमित्र आता त्याच कॉलेजात शिकवत होता आणि मंडळही तोच बघत होता. "निवडणूक थांबवलीय," तो म्हणाला. "सरांच्या जागी तूच मोज. पोरांची इच्छा आहे." तिला नाही म्हणता आलं नाही.

निवडणुकीच्या दिवशी ती कॉलेजात गेली. वर्ग तोच होता, ती शिकली तो. आधी सुमित सरांबद्दल बोलायला उभा राहिला.

"याच वर्गात मी आणि रेणू अध्यक्षपदाला समोरासमोर उभे होतो. मोजणारे तिचे वडील! म्हटलं, आपण गेलो बाराच्या भावात. अन् सर म्हणाले, रेणू तेरा, सुमित एकोणीस. पोटच्या पोरीसाठी त्यांनी आकडा हलवला नाही. दरवर्षी नव्या पोरांना ही गोष्ट ते स्वतः सांगायचे."

टाळ्या वाजल्या. दरवर्षी सांगायचे, हे रेणूला माहीत नव्हतं.

त्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेल्या रेणूला राहवलं नव्हतं. तिचं नाव पुकारल्यावर तिनं डोळे उघडले, मान वळवली आणि झरझर हात मोजले. एकोणीस. नाना तेव्हा मागच्या बाकांवरचे हात मोजत होते. त्यांना दिसलं नाही. मग त्यांनी निकाल सांगितला, दोन्ही आकडे उलटे करून. घरी जाताना ती त्यांच्या सायकलीशेजारी चालत राहिली. आता बोलतील, मग बोलतील. ते वाटभर हरभऱ्याच्या भाजीबद्दल बोलले. विचारायचं तर आपण नियम मोडला हे आधी कबूल करावं लागणार, म्हणून ती गप्प बसली. पुन्हा कशालाच ती उभी राहिली नाही.

बापानं लेकीला निवडून दिलं असं लोक म्हणतील, या भीतीनं त्यांनी ते केलं असणार. भीती तिनं एक वेळ पोटात घातली असती. पण त्याच आकड्यावर त्यांनी आपल्या सचोटीची गोष्ट उभी केली होती, आणि पंधरा वर्षं ती तिच्या नावानं मिरवली होती.

"घ्या डोळे मिटून," सुमित म्हणाला आणि त्यानंही मिटले. यंदा आकांक्षा आणि हरिओम उभे होते.

"आकांक्षा," रेणूनं पुकारलं. हात वर गेले. समोर मिटलेले डोळे, भरवशानं वर केलेले हात. तिच्यानं मोजवेना.

"डोळे उघडा."

"ताई, झालं मोजून?" आकांक्षानं विचारलं.

"नाही. हात तसेच ठेवा. सगळे मिळून मोजू." मग ती सुमितकडे वळली. "त्या वर्षी मला एकोणीस हात होते, सुमित. मी डोळे उघडून मोजले होते. नाना खोटं बोलले."