धाकटीची कात्री

आमची औषधांची दुकानं समोरासमोर आहेत. इकडचं माझं, तिकडचं माझ्या धाकट्या बहिणीचं. शिकलो एकाच कॉलेजात, पण गर्दी तिच्याकडे आणि मी इकडे माशा मारते.

कारण उघड आहे. घसा दुखतोय म्हणून कुणी अँटिबायोटिक मागितलं, की मी डॉक्टरांची चिठ्ठी मागते. गल्लीत माझं नावच चिठ्ठीबाई पडलंय. धाकटी काही विचारत नाही. पाकिटातल्या चार गोळ्या कात्रीनं कापून देते, "बरं वाटलं की बंद करा" म्हणते आणि वर गोड हसते. लोकांना ती देवमाणूस वाटते. मला तिचा हेवा वाटतो. तिच्या गर्दीचा, तिच्या हसण्याचा, त्या मेल्या कात्रीचासुद्धा.

सगळ्यात झोंबायचं ते आईचं. राहायची माझ्याकडे, जेवायची माझ्याकडे, आणि लघवीला जळजळ सुरू झाली की रस्ता ओलांडून तिकडे. एकदा मी म्हटलं, "आई, आधी तपासून घेऊ. मग डॉक्टर देतील ते औषध सांगतील तितके दिवस घ्यायचं."

"तुझ्याकडे आलं की परीक्षाच द्यावी लागते," आई म्हणाली. "ती बघ, मी तोंड उघडायच्या आत गोळी हातावर ठेवते."

थोडे दिवस बरं जायचं. मग जळजळ परत, आणि धाकटी गोळी बदलून द्यायची. मी तिला झापलं. म्हटलं, अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, शहाणे होतात.

"ताई, माझं दुकान चालतं म्हणून तुझा जळफळाट होतोय," ती म्हणाली.

जळफळाट होतच होता, त्यामुळे मी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात परत आले.

मग आईला थंडी वाजून ताप भरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. ताप हटेना. लघवीचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघी खाटेशी होतो.

"नेहमीच्या कुठल्याच गोळ्यांना जंतू दाद देत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांना परस्पर गोळ्या कोण देत होतं?"

धाकटीनं मान खाली घातली. आईनं माझं मनगट धरलं.

"ही," आई म्हणाली. "हिचं औषधांचं दुकान आहे."

मग त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं का, वगैरे. मी गप्प राहिले, कारण आईची पकड सैल होत नव्हती.

"कोणकोणत्या दिल्या ते तरी सांगा. पुढचं इंजेक्शन त्यावर ठरवायचंय."

मला एकही नाव सांगता येईना. मी दिल्याच नव्हत्या.

धाकटीला रडू फुटलं. रडत रडत तिनं एकेक नाव सांगितलं, आणि डॉक्टरीणबाई लिहून घेत राहिल्या.

आईनं माझं मनगट सोडलं आणि धाकटीचा हात हातात घेतला. "रडू नकोस गं," ती म्हणाली. "तू कधी मला नाही म्हटलं नाहीस."

आईचं अंग तापानं फणफणत होतं, आणि मी जळत होते ते त्या दोन हातांकडे बघून. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. ती घेऊन मी औषध आणायला खाली गेले.